अकारान्ताचे ओ, उ आणि पुढे

शाळेत 'देवः देवौ देवाः' घोकून घेतात, पण या नामांच्या शेवटचा 'अ' आला कुठून, हे कोणी विचारत नाही. विचारलं तरी ठाम उत्तर आजही नाही. संस्कृत वृकः, ग्रीक लुकोस, लिथुआनियन विल्कास पाहिले की कळतं, आद्य इंडोयुरोपीय भाषेतच हा स्वर नामाच्या अंगी मुरला होता. त्याआधी नुसता धातूही नाम म्हणून चाले. 'युज्'ला स्वर चिकटला आणि युग झालं; तेच लॅटिनमध्ये युगुम, हित्तीत युकन, आपल्या बैलांच्या मानेवर जू. कोणी म्हणतं, व्यंजनान्त नामांच्या षष्ठीतला 'ओस्' लोकांनी प्रथमा समजून घेतला. कोणी विशेषणांकडे बोट दाखवतं. मला षष्ठीवाली बाजू पटते, पण तिथेही पुरावा थोडा आणि तर्क फार.

पुढची हकीकत मात्र दगडावर आहे. नाणेघाटात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास, सिमुक राजाच्या नावापुढे 'सातवाहनो' कोरलंय: विसर्गाचा 'ओ' झाला. पुढचा टप्पा आम्हा पनवेलकरांच्या जिल्ह्यातच. पेण, वडखळ, अलिबाग करत अक्षीला जा. तिथल्या शिलालेखाचा काळ शं. गो. तुळपुळ्यांच्या वाचनाप्रमाणे शके 934, म्हणजे इ.स. 1012. हा काळ सगळ्यांना मान्य नाही, पण आपल्याला हवी ती गोष्ट अक्षरांतच आहे: 'सकु संवतु', 'भइर्जु', 'प्रधानु'. 'ओ' आखडून 'उ' झाला. गंमत म्हणजे त्याच दगडावर उकाराविना 'महाप्रधान'ही आहे.

1290च्या ज्ञानेश्वरीतही हा उकार जागोजाग भेटतो. नंतर तोही गळाला आणि उरला नुसता 'देव'. 'घोटक'मधला 'क' लोपला, तेव्हा दोन स्वर एकत्र येऊन 'घोडा' झाला, म्हणून त्याचा शेवट टिकला. जुन्या षष्ठीची सावलीही गेलेली नाही: 'देवाला', 'देवाचा' यांतला 'देवा' तिचाच अवशेष, असं बरेच अभ्यासक मानतात. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉक यांच्या ग्रंथात हा सगळा हिशेब आहे, वा. गो. परांजपे यांनी तो 1941 साली मराठीत आणला.

आणि प्रथमेचा तो उकार ऐकायचाच असेल, तर मंगळूरकडच्या सारस्वतांची कोंकणी ऐका. ते अजूनही 'देवु' म्हणतात.