मुंबईचा मेटल : ओस्लो ते दशावतार

आमच्या रूममधून आवाज आला की विंगमधली पोरं दारावर थाप मारून विचारतात, "काय बे, मिक्सर लावला का?" मिक्सर नाही, तो ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ आहे. हा बँड परदेशातला नसून मुंबईचा आहे, हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग ओरडतात कशाला?" दर वेळी तोंडी उत्तर देऊन कंटाळलो, म्हणून लिहितोय. (कॉन्व्हेंटचा माणूस आहे, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!)

या संगीताचं मूळ नॉर्वेत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मेहेम, एम्परर अशा बँड्सनी तिथे ब्लॅक मेटल घडवलं. रेकॉर्डिंग मुद्दाम खरखरीत, सूर थंडगार. त्यातल्या काहींनी चर्च जाळण्यापर्यंत मजल मारली, त्याचं कौतुक मला अजिबात नाही. पुढे ‘डिमू बोर्गीर’ने कीबोर्डवर भर दिला, २००१च्या अल्बममध्ये तर खराखुरा ऑर्केस्ट्रा बसवला. हाच भरलेला, सिनेमासारखा आवाज मुंबईत साहिल मखिजाला भावला. त्याने २००० साली बँड काढला.

आता ओरडण्याबद्दल. त्याला ग्राउल म्हणतात. स्वरपट्ट्यांच्या वर आणखी दोन घड्या असतात, त्यांना पोटातून हवेचा दाब देऊन थरथरवायचं. नुसतं बोंबललात तर दुसऱ्या दिवशी व्हायवा देता येणार नाही. ड्रमरचं गणित तर आपल्याच लाइनचं : मिनिटाला २०० बीट्स, प्रत्येक बीटला दोन्ही पायांनी मिळून चार ठोके, म्हणजे मिनिटाला ८००. सेकंदाला तेरा! करून बघा टेबलाखाली.

पहिला अल्बम २०००चाच, कच्चा. २००५च्या ‘अ डार्कनेस डिसेंड्स’पासून तीन भागांची अंधाराची कथा सुरू झाली, ती २०१०च्या ‘द रिटर्न टू डार्कनेस’ने संपली. हा शेवटचा भाग परदेशात ‘कँडललाइट’ने काढला, एम्पररचा पहिला अल्बम काढणारी कंपनी हीच! त्याच वर्षी ही पोरं ओस्लोच्या ‘इन्फर्नो’ महोत्सवात वाजवून आली. म्हणजे ज्यांच्याकडून शिकले, त्यांच्याच अंगणात. इथे मात्र तेव्हा अशा संगीताला विचारणारं कोणी नव्हतं, त्यामुळे साहिलने लेबलसुद्धा स्वतःच काढलं होतं. (हाच माणूस यूट्यूबवर स्वयंपाकही शिकवतो. मेसवाल्या काकांनी नोंद घ्यावी.)

मग २०१७ साली आला ‘दशावतार’. दहा अवतार, दहा गाणी, आणि विजेच्या गिटारच्या मधोमध आपल्याकडच्या वाद्यांचे सूर. मला हा त्यांचा सर्वात चांगला अल्बम वाटतो, कारण इथे नॉर्वेची उसनवारी संपते. सावनेरला जाताना एसटीत ‘नरसिंह’ ऐकलं आणि दहेगाव रंगारी कधी गेलं कळलंच नाही.

रूममेटला मोठ्या उत्साहाने ऐकवला. आठ गाण्यांपर्यंत मान हलवत होता. नववं नाव वाचलं, ‘बुद्ध’, आणि त्याने हेडफोन काढून ठेवले. म्हणाला, "हे चालत नाही ना बाबा." मी म्हटलं, दशावतारात नववे बुद्धच असतात, पुस्तकात आहे. तो म्हणाला, "बावीस प्रतिज्ञा वाचल्या का?"

नव्हत्या वाचल्या. घरापासून दीक्षाभूमी जेमतेम चाळीस किलोमीटर, आणि १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी तिथे दिलेल्या प्रतिज्ञांमधली पाचवी काय आहे, मला ठाऊक नव्हतं : बुद्ध हा विष्णूचा अवतार मी मानणार नाही, तो खोटा प्रचार आहे. त्याचे आजोबा त्या दिवशी त्या मैदानात होते. मी पुस्तकातली यादी सांगत होतो आणि तो घरातली गोष्ट.

बँडचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. प्रचलित यादी घेतली, गाणी केली. रूममेटला हेही पटत नाही. "यादी कोणी केली ते विचार," म्हणतो. त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

अल्बम आमच्याकडे अजून वाजतो. ड्रमिंग त्यालाही आवडतं. फक्त ‘कृष्ण’ संपलं की तो हात लांब करून बटण दाबतो, आणि थेट ‘कल्की’ सुरू होतं.