पोथीच्या छायाचित्रातील उजळपणा आणि छटा

चांदूर बाजारच्या परिसरात, मोर्शी तालुक्यात वसलेले ऋद्धपूर हे महानुभाव पंथाचे प्रमुख क्षेत्र होय. श्रीगोविंदप्रभूंच्या वास्तव्याने पावन मानलेल्या या स्थानी आता मराठी भाषा विद्यापीठही आहे. प्राचीन पोथ्यांचा अभ्यास हल्ली पुष्कळदा डिजिटल छायाचित्रांवरून होतो. अशा वेळी छायाचित्र उजळणे ही केवळ सौंदर्यदृष्टीची बाब राहत नाही. ती पाठचिकित्सेची बाब ठरते.

डिजिटल छायाचित्र म्हणजे वस्तुतः संख्यांचे कोष्टक. नेहमीच्या आठ-बिटी चित्रात प्रत्येक बिंदूचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन घटक असून प्रत्येकाचे मूल्य 0 ते 255 यांच्या दरम्यान असते. 0 म्हणजे काळोख, 255 म्हणजे कमाल तेज. सर्व मूल्यांत सारखीच भर घातली की चित्र उजळते. परंतु शाई व कागद यांतील अंतर तेवढेच राहते. शिवाय 40 ची भर घातल्यास 215 व त्यावरील सर्व मूल्ये 255 वर जाऊन अडतात आणि त्यांच्यातील भेद कायमचा नाहीसा होतो.

अक्षर सुवाच्य व्हावयाचे तर छटांमधील अंतर वाढविले पाहिजे. समजा, जुनाट कागदाचे मूल्य 190 व शाईचे 120 आहे. 100 ला 0 आणि 200 ला 255 मानून मधल्या छटा ताणल्या, तर कागद सुमारे 230 वर व शाई 51 वर येते. अंतर अडीचपटींहून अधिक झाले. मात्र खिडकीलगतच्या उजळ कडेवर कागद 215 व पुसट अनुस्वार 205 असेल, तर दोन्ही 255 होऊन अनुस्वार लोपतो. मग ‘तें’ या नपुंसकलिंगी एकवचनाचे ‘ते’ हे पुल्लिंगी अनेकवचन होते. 1962 च्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार वगळल्यामुळे आजच्या वाचकास त्याचा संशयही येत नाही. वक्ररेषेने छटा बदलण्याचा उपाय अधिक सौम्य आहे. त्यात दोन्ही टोके स्थिर राहून मधल्या छटा उचलल्या जातात. पण तेथेही एका भागातील अंतर वाढले की दुसऱ्या भागातील आक्रसते.

रंगीत चित्राचे कृष्णधवल रूपांतर याहून फसवे. प्रचलित सूत्रानुसार तेजस्वितेत हिरव्याचा वाटा सुमारे 72, तांबड्याचा 21 व निळ्याचा केवळ 7 टक्के धरतात. पिवळा हरताळ निळा प्रकाश शोषून घेत असल्याने निळ्या घटकात गडद दिसतो. कृष्णधवल चित्रात मात्र तो कागदात मिसळतो. लेखकाने हरताळ फासून केलेली दुरुस्ती त्यामुळे दृष्टीआड होते. उलट केवळ तांबडा घटक घेतल्यास पिवळट कागद उजळतो आणि काळी शाई ठळक होते. पण हिंगुळाने काढलेले तांबडे दंड फिके पडतात, आणि त्यांच्याबरोबर वाक्यसीमाही.

तात्पर्य, कोणतीही प्रक्रिया मूळ चित्रात नसलेली माहिती निर्माण करीत नाही. ती काही भेद ठळक करते व काही पुसते. म्हणून पृष्ठावर सर्वत्र समान प्रकाश पाडावा, शक्य तेथे 12 किंवा 14 बिटांचे मूळ चित्र जतन करावे आणि सर्व संस्कार प्रतीवरच करावेत. कोणता घटक घेतला व कोणत्या मर्यादांत छटा ताणल्या, याची नोंद पाठभेदासोबत द्यावी. संशयित स्थळी अखेरचा निर्णय मूळ चित्र, आणि शक्य असल्यास प्रत्यक्ष पोथी पाहूनच करणे इष्ट होय.