न पाहिलेल्या मावशीकडे

आमच्या बारामतीत पूर्वी कोणी परदेशी निघाले की कारण विचारावे लागत नसे. मुलगा नाही तर जावई तिकडे असायचा, लेकीचे बाळंतपण असायचे, फार तर शेतीच्या अभ्यासदौऱ्याचे निमित्त असायचे. हल्ली एक नवेच कारण कानी येऊ लागले आहे. ‘मैत्रिणीकडे चाललेय!’ ही मैत्रीण कोण, तर विणकामाच्या किंवा बागेच्या नादाने मोबाइलवर भेटलेली, चार वर्षे रोज सुखदुःखाच्या गोष्टी बोलणारी, पण प्रत्यक्षात एकदाही न पाहिलेली. मग घरात जो गजहब उडतो तो काय वर्णावा! ‘ओळख ना पाळख, आणि तिच्या घरी जाऊन राहायचे?’ सासूबाईंचा हा प्रश्न अगदीच अनाठायी असतो असे मी म्हणणार नाही.

मात्र हे सारे नव्या जमान्याचे खूळ आहे असे कोणी म्हणू लागले, तर त्यांना मी जवळजवळ दीडशे वर्षे मागे नेतो. अशाच एका न पाहिलेल्या मैत्रिणीच्या भरवशावर एक मराठी मुलगी सातासमुद्रापलीकडे गेली होती. डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हटले की आपल्याला पदवी आठवते, अकाली मृत्यू आठवतो. तो प्रवास ठरला कसा, याची गोष्ट मात्र आपण घाईने ओलांडून जातो.

गोपाळराव जोशी पोस्टात कारकून. बायकोला शिकवायचे हा त्यांचा ध्यास. कोल्हापुरात असताना त्यांनी अमेरिकेत मदत मिळेल का, अशी विचारणा पत्राने केली. ते पत्र रॉयल वाइल्डर या धर्मोपदेशकांच्या हाती गेले. हे गृहस्थ पूर्वी बरीच वर्षे कोल्हापुरातच होते. ख्रिस्ती व्हाल तर मदतीचे पाहू, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. आणि हा सगळा पत्रव्यवहार त्यांनी आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ या मासिकात छापून टाकला.

आता योगायोग पाहा. १८८० साली न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेला अंक त्यांनी सहज उचलला आणि त्यात त्यांना हे पत्र दिसले. त्यांनी आनंदीबाईंना लिहिले. त्या वेळी आनंदीबाईंचे वय पंधरा. दहा दिवसांचे मूल गमावून त्यांना फार काळ लोटला नव्हता.

पत्र एकच. वाइल्डरसाहेबांनी त्यात भावी ख्रिस्ती कुटुंब पाहिले. कार्पेंटरबाईंनी शिकू पाहणारी एक पोर पाहिली. अनोळखी माणसाची पारख करायची तर ती मला इथेच करावीशी वाटते. समोरचा आपल्याशी बोलतो ते कशाच्या बदल्यात?

पुढे तीन वर्षे पत्रे चालली. एका पत्राच्या उत्तराला महिने लागायचे. बालविवाह, धर्म, बायकांचे आजार, घरातल्या चालीरीती, असा कोणताही विषय वर्ज्य नव्हता. आनंदीबाईंची प्रकृती ढासळली तेव्हा कार्पेंटरबाईंनी तिकडून औषधे पाठवली. (हल्ली ‘तुमच्यासाठी भेट पाठवली आहे, ती कस्टम्समध्ये अडकली, तेवढे पैसे भरा’ असे सांगणारे परदेशी मित्र भेटतात. तेव्हा मैत्री तिथल्या तिथे संपवावी.) अमेरिकेला आलीस तर माझ्या घरी राहा, असेही त्यांनी कळवले. होता होता त्या आनंदीबाईंच्या मावशी झाल्या.

तेव्हा जोशी दांपत्य बंगालमधल्या श्रीरामपुरात होते. आपल्याकडचे श्रीरामपूर ते नव्हे. गावात चर्चेला ऊत आला होता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथल्या कॉलेजात आनंदीबाई भर सभेत उभ्या राहिल्या आणि लोकांचे प्रश्न त्यांनी स्वतःच मांडून एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेलाच का? इथे शिकण्याची सोय नाही का? एकटीच का जातेस? परत आल्यावर जात वाळीत टाकील त्याचे काय? तिकडे काही संकट ओढवले तर काय करशील? आजवर कोणत्या बाईने केले नाही ते तूच का करावेस? हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही त्यांनी तिथे सांगितले. वय वर्षे सतरा!

परदेशी मैत्रिणीकडे निघणाऱ्याने आजही ही यादी समोर ठेवावी. तीतला वाळीत टाकण्याचा प्रश्न आता गळाला. संकटाचा प्रश्न मात्र होता तिथेच आहे, आणि नेमका तोच आपण भिडेखातर मैत्रिणीला विचारत नाही. मी आजारी पडले तर? आपले पटले नाही तर? किती दिवस राहिले तर तुला जड होणार नाही? घरात आणखी कोण असते? मी मांसाहार करत नाही, ते चालेल ना? भीड बाजूला ठेवून हे आधीच विचारावे. खरी मैत्रीण रागावत नाही. उलट तिचेही दोन प्रश्न निघतात. एकमेकींना पाहत बोलण्याची सोय आता हातातल्या यंत्रात आहे. तसे बोलायला जी वर्षानुवर्षे टाळते, तिच्या घरचे तिकीट काढू नये. पहिल्या दोन रात्रींची सोय हॉटेलात स्वतंत्र ठेवली तर दोन्ही घरांना बरे पडते.

कागदपत्रांचे म्हणाल तर त्यांची धास्ती घेण्यासारखे काही नाही. २०१७ पासून काही टपाल कचेऱ्यांतही पासपोर्टची केंद्रे निघाली आहेत. पोस्टातल्या गोपाळरावांना याची मौज वाटली असती. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात तिथल्या ओळखीच्या माणसाचे नाव, पत्ता आणि नाते विचारतात. त्यात ‘मित्र’ असा पर्याय आहे. तोच निवडावा, उगाच मावसबहीण बनवू नये. युरोपातल्या शेंगेन गटाच्या देशांसाठी निदान ३० हजार युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. कुणाच्या घरी उतरणार असाल तर यजमानाचे पत्रही मागतात. त्याचा नमुना प्रत्येक देशाचा वेगळा, तेव्हा तो मैत्रिणीलाच विचारून घ्यायला सांगावा. ती ही खटपट किती आनंदाने करते, त्यावरूनही पुष्कळ कळते.

आणि हो, फराळ! लाडू-चकल्या जरूर न्याव्यात, पण विमानतळावर विचारल्यावर लपवू नयेत. इंदापूरची डाळिंबे कितीही टपोरी असली तरी ती घरीच खावीत. ताजी फळे अमेरिकेत नेऊ देत नाहीत.

आनंदीबाईंची आगबोट ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून सुटली. गोपाळराव मागे राहिले. सोबतीला होत्या त्या मिशनच्या बायका. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा मावशी धक्क्यावर न्यायला आल्या होत्या. नऊवारी लुगड्यातली ही भाची त्या उन्हाळ्यात रोझेलच्या घरी राहिली आणि तिथून फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात गेली. ११ मार्च १८८६ रोजी तिला पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाचे काम तिची वाट पाहत होते, पण क्षयाने तिला गाठले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी ती पुण्यात वारली. वय बावीसही पुरे झाले नव्हते.

गोपाळरावांनी तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे.