पारा चढतो, तसा सूरही!

शंभर-सव्वाशे वर्षांत पृथ्वीचे सरासरी तापमान अंशभराने वाढले, हे वाक्य आपण वाचतो आणि पान उलटतो. एका अंशाचे गांभीर्य सामान्य माणसाच्या मनावर ठसवायचे कसे, हा हवामानशास्त्रज्ञांपुढील जुनाच पेच आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात २०१३ मध्ये त्यावर एक वेगळा उपाय करून पाहण्यात आला. डॅनियल क्रॉफर्ड या विद्यार्थ्याने भूगोलाचे प्राध्यापक स्कॉट सेंट जॉर्ज यांच्या साथीने तापमानाची आकडेवारीच चेलोवर वाजवली.

चेलो हे व्हायोलिनच्या कुळातील, पण आकाराने मोठे आणि धीरगंभीर आवाजाचे वाद्य. 'नासा'कडील १८८० ते २०१२ या १३३ वर्षांच्या नोंदी घेऊन प्रत्येक वर्षाला एक स्वर देण्यात आला. सर्वांत थंड ठरलेल्या १९०९ च्या वाट्याला चेलोचा सर्वांत खालचा स्वर आला. तापमान सुमारे ०.०३ अंश सेल्सिअसने वाढले, की सूर हार्मोनियमच्या शेजारच्या पट्टीइतका वर. या हिशेबाने सारी रचना तीन सप्तकांत पसरली.

हे पर्यावरणावरचे प्रचारगीत नव्हे. इथे चाल आकड्यांनीच ठरवली आहे. या पद्धतीला 'सोनिफिकेशन' म्हणतात. किरणोत्सर्ग वाढला की अधिक वेगाने टकटकणारा गायगर काउंटर हे तिचे जुने, परिचित उदाहरण. आलेख एका दृष्टिक्षेपात संपतो. चेलो ऐकताना मात्र वर्षामागून वर्ष सोसावे लागते. आधी खालच्या सुरांतील दीर्घ घुटमळ, आणि अखेरच्या काही दशकांत पुन्हा खाली न उतरणारी चढण.

अर्थात ०.०३ अंशाचे माप ही रचनाकाराची निवड आहे. एका अंशाला एक स्वर दिला असता, तर तीच आकडेवारी जवळजवळ एकसुरी वाजली असती. आलेखाची उभी मोजपट्टी ताणल्यावरही असाच फरक पडतो. म्हणून याला फसवणूक म्हणता येणार नाही. मात्र नियम कोणता, हे श्रोत्याला आधी सांगायलाच हवे. शिवाय तापमान का वाढते, हे चेलो सांगत नाही. कोळसा आणि तेलाच्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची गोष्ट शब्दांतच सांगावी लागते.

क्रॉफर्डने २०१५ मध्ये चार वाद्यांसाठी दुसरी रचना केली. विषुववृत्तीय पट्ट्याला चेलो, मध्य अक्षांशांना व्हायोला, तर उच्च अक्षांश आणि आर्क्टिक यांना एकेक व्हायोलिन. आर्क्टिक सर्वाधिक तापले आहे. त्याचे व्हायोलिन वाद्याची जवळजवळ संपूर्ण मर्यादा चढून जाते.

पहिली रचना २०१२ वर थांबते. 'नासा'च्या नोंदींत २०२४ हे वर्ष त्याहून सुमारे ०.६३ अंशाने उष्ण होते. जुनाच नियम लावला तर २०२४ चा सूर २०१२ च्या सुरापेक्षा २१ पट्ट्या वर, म्हणजे पावणेदोन सप्तके उंच लागेल.