चढावर अडखळणारें इंजिन

छत्रपती संभाजीनगरच्या सपाट रस्त्यावर निमूटपणें धांवणारी मोटार चाळीसगांवाहून परततांना कन्नडच्या औट्रम घाटांत अडखळूं लागते, असें कधीं कधीं घडतें. पुढें एखादें संथ वाहन असतें, त्यास ओलांडण्यासाठीं चालक ॲक्सिलरेटर दाबतो आणि नेमक्या त्याच क्षणीं इंजिन गचके देतें. गॅरेजमधील मिस्त्री यास ‘मिसिंग’ म्हणतात. अशा ऐन वेळीं बळ गेलें तर प्रसंग प्राणावर बेततो. म्हणून हा दोष क्षुल्लक मानूं नये.

हा दोष चढावरच कां प्रकट होतो, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दाबलें जातें आणि प्लगच्या ठिणगीनें तें पेटतें. ॲक्सिलरेटर जोरानें दाबला कीं सिलिंडरांत अधिक मिश्रण शिरतें व दाब वाढतो. दाट झालेल्या या वायूंतून उडी घेण्यास ठिणगीला अधिक व्होल्ट लागतात. झिजलेला प्लग अथवा थकलेली कॉइल एरवीं काम कसेंबसें निभावून नेते. ओझें पडलें कीं तिचें दौर्बल्य उघडें पडतें.

दुसरें कारण पेट्रोलच्या पुरवठ्याचें. फिल्टर तुंबला किंवा पंप अशक्त झाला, तर सपाटीवर पुरणारें पेट्रोल चढावर अपुरें पडतें. ठिणगीच्या दोषांत बहुधा तुटक, तीव्र गचके बसतात. पेट्रोलच्या दोषांत लांब चढावर बळ हळूहळू ओसरतें. उलट, हवेची गळती बहुधा गाडी उभी असतांना अधिक जाणवते.

आतां परीक्षेचा क्रम पाहूं. आजच्या मोटारींतील संगणक दोषाची नोंद ठेवतो व ती स्कॅनरनें वाचतां येते. ‘पी ०३००’ म्हणजे अनेक सिलिंडरांत दोष. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्यांत, ‘पी ०३०२’ म्हणजे दुसऱ्यांत. दोष एकाच सिलिंडरचा असेल आणि प्रत्येकास निराळी कॉइल असेल, तर इंजिन बंद करून व थंड होऊं देऊन पहिल्याची कॉइल दुसऱ्यास लावावी. जुनी नोंद पुसून पुन्हां तसाच भार देऊन पाहावें. दोष पहिल्यांतून दुसऱ्यांत गेला, तर अपराधी कॉइलच होय. तो हलला नाहीं, तर प्लगची अशीच अदलाबदल करावी. त्यानंतर इंजेक्टर व सिलिंडरचा दाब तपासावा. अनेक सिलिंडर एकदम अडखळत असतील, तर पेट्रोलचा दाब मोजावा. परंतु तो उभ्या गाडींत मोजून भागत नाहीं.

इंजिनाचा इशारादिवा लुकलुकूं लागला, तर तत्काळ ॲक्सिलरेटर सैल सोडावा. न जळलेलें पेट्रोल धुराड्याच्या नळींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जाऊन पेटतें व तो महागडा भाग तापून निकामी होतो.

मोटारीवर पोट असलेल्या माणसास तर्कानें एकामागून एक भाग बदलणें परवडत नाहीं. यासाठीं श्रोत्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: ओझ्याखालीं दिसणाऱ्या दोषाची परीक्षा ओझ्याखालींच झाली पाहिजे. गॅरेजच्या दारांत इंजिन गुरगुरवून निर्णय देऊं नये. मिस्त्रीस शेजारीं बसवावें. कोणत्या गिअरांत, किती वेगास, इंजिन थंड असतां कीं तापल्यावर गचके येतात, हें सांगावें. आणि रहदारी कमी असतां, कोणासही न ओलांडतां, जवळच्या दौलताबादच्या घाटावर त्यास तो दोष प्रत्यक्ष दाखवावा.