पाटी ‘मॉन्टेसरी’ची, पण आत काय?

जालन्यात, अंबडला, परतूरला दोन-तीन खोल्यांच्या लहान खासगी शाळेवरही आता ‘मॉन्टेसरी’ अशी पाटी दिसते. मोहल्ल्यातले पालक आम्हा शिक्षकांना विचारतात, “पोरीला तिथं घालायचं का?” फी भरण्याआधी एकदा वर्ग चालू असताना आत जाऊन बघा, एवढंच आम्ही सांगतो. कारण हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही पाटीवर लिहितं.

तीन वर्षांची मुलं बाकावर ओळीनं बसून एबीसीडी गिरवत असतील, तर ती मॉन्टेसरी नव्हे. खऱ्या वर्गात साहित्य मुलाच्या हाताला येईल अशा बुटक्या कपाटात असतं. मूल स्वतः उचलतं, चटईवर मांडतं, काम झालं की जागेवर ठेवतं. एक ते दहा सेंटिमीटरचे दहा गुलाबी ठोकळे एकावर एक रचताना चूक झाली, तर ती त्याला स्वतःलाच दिसते. खरबरीत कागदाच्या अक्षरावरून आधी बोट फिरतं, पेन्सिल नंतर येते. एकक, दशक, शतक मण्यांनी हातात धरून कळतं. तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र असतात, मोठी लहानांना दाखवतात. बटण लावणं, पाणी ओतणं हाही अभ्यासच!

ही श्रीमंतांची चैन आहे, असा आपल्याकडे समज आहे. पण मारिया मॉन्टेसरींनी 1907 मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह काढलं ते कामगार वस्तीत. त्या 1939 मध्ये भारतात आल्या आणि मद्रासला अड्यार इथं त्यांनी शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. त्याआधीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ही पद्धत आपल्या मातीत रुजवायला घेतली होती. महागडं साहित्य गरिबाला परवडत नाही हे ताराबाईंनी ओळखलं. 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू झालं, अनुताई वाघ सोबतीला आल्या. बिया, पानं, खडे हेच तिथं साहित्य झालं. आपल्याकडे सरकी, तूर, मक्याचे दाणे काय कमी आहेत?

आता आपल्या घरचा प्रश्न. घरात उर्दू, गल्लीत मराठी, शाळेत इंग्रजी. उर्दू उजवीकडून लिहायची, मराठी डावीकडून. तीन वर्षांच्या मुलावर दोन्ही लिप्या एकदम लादू नयेत, असं आमचं मत आहे. बोलणं मात्र दोन्ही भाषांत भरपूर होऊ द्या. बाईंना घरची बोली समजते का, हेही विचारा.

शाळा पहिलीपासून पुढे चालत असेल तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिला मान्यता लागते. मान्यतेचं पत्र आणि यू-डायस क्रमांक दाखवायला सांगा, नाहीतर पुढच्या शाळेत दाखल्यासाठी खेटे घालायची वेळ येते. त्याच कायद्यानं डोनेशन, प्रवेशासाठी मुलाची परीक्षा आणि मारहाण यांना बंदी आहे. प्रशिक्षण कुठं घेतलं, हे शिक्षिकेला विचारायला संकोच करू नका. आम्हाला कुणी विचारलं तर आम्हाला राग येत नाही.