गिरणीतली वीस वर्षं

ऑगस्ट २००५ मध्ये कृष्णेचा पूर ओसरला, आम्ही बापलेकांनी चिखल उपसला आणि आण्णांनी गिरणीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "आता तू बघ," एवढंच म्हणाले. सांगलीच्या गावभागातली एका खोलीची पिठाची गिरणी. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली.

पहिलं वर्ष टाकी मारायला शिकण्यात गेलं. दगड गुळगुळीत झाले की पीठ नीट निघत नाही, गरम होतं, करपतं. मग दगड खोलायचे आणि छिन्नीनं खाचा पुन्हा पाडायच्या. छिन्नीचे बारीक कण उडून हातात रुततात. आण्णांच्या डाव्या हाताच्या पाठीवर असे काळे ठिपके होते. लहानपणी मला ते तीळ वाटायचे. आज माझ्या हातावर आहेत.

ते भारनियमनाचे दिवस. वीज येईल तेव्हा गिरणी, मग ती रात्री अकराला का असेना. थोरली लेक तेव्हा तान्ही होती. बायको डबे मोजून घ्यायची आणि लेक कोपऱ्यात गोणपाटावर झोपायची. पट्ट्याची घरघर तिला अंगाईसारखी झाली होती; वीज गेली, आवाज थांबला, की दचकून उठायची. दर किलोला दोन रुपये होता. त्यात घर चालायचं, कारण गल्लीतलं प्रत्येक घर दळणाला येत होतं. कुणाकडं पाहुणे आलेत, कुणाची सून बाळंतीण आहे, कुणाकडं मंगळागौर आहे, हे डब्यांवरून कळायचं. नाचणीचा डबा एकदम वाढला की घरात लहान मूल किंवा आजारी माणूस आहे, हे मी न विचारता ओळखायचो.

२०१९ बद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण त्यात माझी चूक आहे. २००५च्या पाण्याची रेघ आम्ही भिंतीवर तांबड्या रंगानं काढून ठेवली होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोयनेतून विसर्ग वाढला, तेव्हा मी लोकांचे डबे त्या रेघेच्या हातभर वर फळीवर चढवले आणि निश्चिंतपणे कुटुंबाला घेऊन विश्रामबागेत मेहुण्याकडं गेलो. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, त्यापुढं माझं नुकसान काहीच नव्हे. पण परत येऊन शटर उचललं तेव्हा आलेला कुबट वास अजून नाकातून गेलेला नाही. धान्य भिजून इतकं फुगलं होतं की डब्यांची झाकणं आपोआप उघडली होती. तेवीस डबे होते. दुसऱ्याचं धान्य, माझ्या भरवशावर ठेवलेलं.

वहीत नावं होती. एकेका घरी गेलो आणि धान्य भरून देतो म्हणालो. सहा घरांनी घेतलं. बाकीच्यांची स्वतःचीच घरं धुवायची होती, तरी नको म्हणाले. पलीकडच्या बोळातल्या आजी तर रागावल्याच. "अरं, माझं दोन किलो शाळू कृष्णाबाईनं नेलं, तू कशाला रडतोस? दगड कधी फिरवतोस ते सांग." गणपतीच्या मंडळाच्या पोरांनी मांडव घालायच्या आधी आमची गिरणी धुऊन काढली. मोटर रिवाइंडिंगचे पैसे बायकोच्या बचत गटातून आले. गिरणी सुरू झाली त्या सकाळी पहिला डबा आजींचा होता. दळणाचे पैसे मी घेतले नाहीत, तर त्यांनी ते गल्ल्याशेजारी ठेवून दिले.

पुढं २०२० च्या टाळेबंदीत दारापुढं खडूची वर्तुळं काढून गिरणी चालू ठेवली. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं, पण या वेळी आदल्या रात्रीच मोटर खोलून माडीवर नेली आणि डबे ज्याच्या त्याच्या घरी पोचवले. भिंतीवर आता तीन रेघा आहेत.

दळण कमी झालंय, हे खरं. गव्हाचं पीठ बरीच घरं पिशवीतून आणतात, काहींनी घरघंटी घेतली. ज्वारी मात्र टिकून आहे. गव्हासारखा चिकटपणा ज्वारीच्या पिठात मुळातच नसतो, आणि पीठ शिळं झालं की भाकरी थापताना कडा फाटतात. ज्याच्या घरी रोज भाकरी होते, त्याला आठ-दहा दिवसांनी दळणाला यावंच लागतं. बायकोनं थालिपिठाची आणि चकलीची भाजणी करून द्यायला सुरुवात केली, दिवाळीच्या महिन्यात तिचं काम माझ्यापेक्षा जास्त असतं. तिच्यामुळं गिरणी तगली, हे मी सगळ्यांना सांगतो. लेक पुण्यात शिकते. दर सुट्टीला जाताना पाच किलो शाळूचं पीठ घेऊन जाते आणि तिच्या खोलीवरच्या मैत्रिणी भाकरी शिकल्यात.

आण्णांना जाऊन चार वर्षं झाली. आजी अजून येतात. डबा आता नातू उचलतो.

तुमच्या गल्लीत गिरणी चालू असेल तर आठवड्याचं दळण तिथं द्या. आणि नदीकाठी राहत असाल, तर पाणी वाढताना डबे गिरणीत ठेवू नका, वेळेत घरी घेऊन जा.